स्टेलसचा पंखा

आमच्या तुरेतला, म्हणजे कोळीवाड्यातला, प्रत्येक माणूस होडीच्या इंजिनाचा डॉक्टर आहे. इंजिन बंद पडलं की मात्र ते खांद्यावर टाकून माझ्याच शेडमध्ये आणतात. यंदा रॉकेल महागलं, परमिटवरचं कमी झालं, आणि या डॉक्टरांना ऊत आला. कोणी म्हणे इंजिनाला चार पात्यांचा पंखा लाव, कोणी म्हणे तीनच पाती बरी. एकाने विळिंजमच्या धक्क्यावर ऐकलेलं ज्ञान मला माझ्या शेडमध्ये बसून, माझाच चहा पीत शिकवलं. मी मर्सिलिन. सगळे मला आशान म्हणतात, म्हणजे उस्ताद, आणि उस्तादाला शिकवायची लोकांना भारी हौस.

बर्कमन्स त्यातला नव्हता. तो कोपऱ्यात बसून ऐकायचा आणि शेवटी एवढंच विचारायचा, "पण आशान, रॉकेल किती जाईल?" त्याची एक फायबरची होडी, पंचवीस घोड्यांचं एक इंजिन आणि जोडीला दासन नावाचा बडबड्या. हंगाम असाच गेला तर होडी विकून आखातात जायचं, असं तो ठरवून बसला होता. आखातात जाऊन हा करणार काय, तर कुणाच्या तरी गाड्या धुणार. मला ते बघवणार नव्हतं.

"तोंडाने पंखे फिरवून काय होणार?" मी म्हटलं. "समुद्रात फिरवून बघू. होडी तीच, माणसं तीच, जाळी तीच. पंखा तेवढा बदलायचा."

दोन पंखे माझ्याकडे होते. एक नवाकोरा, तीन पात्यांचा, पिच अकरा. पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात पाण्यात किती इंच पुढे घुसेल ते, लाकडात स्क्रू घुसतो तसं. दुसरा चार पात्यांचा, पिच तेवढंच. तिसरा तीन पात्यांचाच, पण जास्त पिचचा हवा होता, म्हणजे इंजिन कमी फेऱ्यांत जास्त अंतर कापेल. तसला पंखा आमच्या तुरेत एकच उरला होता. तो बर्कमन्सच्या थोरल्या भावाच्या, स्टेलसच्या घरी, मागच्या भिंतीला खिळ्यावर टांगलेला होता.

स्टेलस गेला त्याला दोन पावसाळे झाले. वादळात गेला. होडी मिळाली नाही, इंजिन मिळालं नाही, तोही मिळाला नाही. त्याची बायको मेटिल्डा बरेच दिवस कुणाचं ऐकत नव्हती. पाद्री, म्हणजे आमचे अच्चन, दोनदा तिच्या दारी जाऊन आले. देह मिळाला नाही तर माणसाचे कपडे पेटीत घालून पुरायचे, मग त्याच्या आत्म्यालाही वाट मिळते आणि घरालाही, असा आमचा रिवाज. मेटिल्डा म्हणायची, "कपडे त्याला आल्यावर लागतील." यंदा कुठे ती कबूल झाली होती. नोव्हेंबरातला, मृतांच्या महिन्यातला, एक दिवस अच्चननी ठरवलाही होता. त्याच्या वस्तू ती एकेक करून देऊन टाकत होती. म्हणूनच बर्कमन्सने विचारायचा धीर केला.

"मैनी, दादाचा तो पंखा..."

भावजयीला आमच्याकडे मैनीच म्हणतात. मेटिल्डाने खिळ्यावरून पंखा काढला, टॉवेलने पुसला आणि त्याच्या हातात दिला. "घेऊन जा. धूळ खात पडलाय."

हे मला बर्कमन्सनेच सांगितलं. तिने एकदाही वळून पाहिलं नाही, म्हणाला.

सकाळी समुद्र शांत बघून आम्ही निघालो. देवळाच्या मनोऱ्यासमोरून निघायचं, काळ्या खडकाला वळसा घालून परत यायचं, म्हणजे प्रवाह एकदा सोबत आणि एकदा विरुद्ध, कुणावर अन्याय नको. रॉकेलला आरपार दिसणारा डबा घेतला होता, त्यावर मी रेघा मारलेल्या. दासन प्रत्येक रेघेला क्रिकेटसारखा स्कोअर सांगत होता.

तीन पात्यांचा नवा पंखा लाटा फोडून बाहेर पडायला झकास. पण मोकळ्या पाण्यात गेल्यावर इंजिन नुसतं किंचाळत राहिलं, फेऱ्या जास्त आणि वाट कमी. डब्यातलं रॉकेल डोळ्यांदेखत खाली गेलं. चार पात्यांचा शहाण्यासारखा चालला. वळणावर पकड सुटली नाही, हादरे नाहीत, रॉकेलही जरा कमी. पण वेग नाही. दासन म्हणाला, "हा पंखा अच्चनना द्या. जपमाळ ओढत जाईल."

मग वाळूला येऊन स्टेलसचा पंखा लावला.

तो पंखा मी विकलेला, पण घडवलेला स्टेलसनेच. माझ्याच बाकावर, माझीच कानस घेऊन, त्याने पात्यांच्या कडा घासून पातळ केल्या होत्या आणि मागच्या कडेला बारीकशी मुरड घातली होती, पाणी निसटू नये म्हणून. असे दोन पंखे त्याने केले. एक त्याच्याबरोबर गेला. पात्याची मागची कड अशी पातळ झाली की कधी कधी पंखा गातो. पाणी कडेवरून सुटताना पातं थरथरतं आणि एक सूर धरतं. आम्ही मिस्त्री लोक तो सूर बिघाड समजतो, दोन हात कानस फिरवली की जातो. स्टेलसने मला तो घालवू दिला नव्हता. "असू दे की आशान. घरी कळतं कोण आलंय ते."

खरंही होतं. आमच्या बायका होडी नजरेत यायच्या आधी आवाजावरून ओळखतात. कुणाचं इंजिन खोकतं, कुणाचं घरघरतं. आवाज ऐकला की ती बाई टोपली घेऊन वाळूवर उतरते, बाकीच्या बसून राहतात. स्टेलसच्या इंजिनात तो बारीक लांब सूर होता, शिवणयंत्र दूरच्या घरात चालावं तसा. तो आला की मेटिल्डा उठायची.

हे सगळं मला माहीत होतं. पण पंखा भिंतीवरून आणायला सांगताना माझ्या डोक्यात फक्त पिच होतं.

जाताना लाटांच्या गोंगाटात काही कळलं नाही. खडकाला वळसा घालून बर्कमन्सने इंजिन अर्ध्यावर आणलं आणि सूर लागला. दासनचं तोंड मिटलं, हे मी आजवर फक्त देवळात पाहिलं होतं. बर्कमन्सने हँडलवरचा हात उचलला आणि परत ठेवला. होडी पाण्यावरून लोण्यातून सुरी जावी तशी निघाली होती. डब्यातलं रॉकेल रेघेवर जणू चिकटून बसलं होतं. असा पंखा मी उभ्या जन्मात पाहिला नाही, आणि माझ्या अंगावर काटा आला होता.

किनाऱ्यावर बायका बसल्या होत्या. त्यांच्या माना एकदम वर झाल्या. म्हातारी पुष्पम, जी मेल्यावरही बोलत राहील असं आम्ही म्हणतो, ती अर्ध्या वाक्यात थांबली. आणि गल्लीतून मेटिल्डा आली. हाताला पीठ लागलेलं, केस अर्धे विंचरलेले, काखेत टोपली. ती धावत नव्हती. रोजच्या चालीने आली आणि पाण्याच्या कडेला उभी राहिली.

होडी वाळूला लागली. बर्कमन्स उतरला. मी उतरलो. दासन उतरला. ती होडीकडे बघतच राहिली, अजून कुणी उतरायचं असल्यासारखी.

"मैनी," बर्कमन्स म्हणाला, "मासे नाही आणले. पंखे बघत होतो."

"हो," ती म्हणाली. मग काखेतल्या टोपलीकडे तिचं लक्ष गेलं. "पीठ तसंच टाकून आले बघ," असं म्हणून ती परत गेली.

शहाण्या माणसाने तो पंखा तिथेच काढला असता. पण डब्यावरच्या रेघा खोटं बोलत नव्हत्या. नव्या पंख्याला जेवढं रॉकेल लागलं, त्याचा तिसरा हिस्सा वाचला होता. बर्कमन्सच्या बायकोने ते ऐकलं आणि ती आखाताचं नाव घेईनाशी झाली. पंखा राहिला.

आणि रोज सकाळी मेटिल्डा वाळूवर येऊ लागली.

पहिले काही दिवस ती ओशाळायची. काहीतरी निमित्त सांगायची, मीठ आणायला निघाले, पुष्पमकडे काम होतं. मग निमित्त सांगणं बंद झालं. बायका तिला जागा करून द्यायच्या आणि तिच्याकडे बघायच्या नाहीत. बर्कमन्स तिच्या टोपलीत चार मासे टाकायचा. ती घ्यायची, पण नजर होडीच्या मागच्या बाजूला, इंजिनाशी माणूस बसतो तिथे. एके दिवशी अच्चन माझ्या शेडवरून जाताना थांबले आणि म्हणाले, "मेटिल्डा सांगून गेली, इतक्यात नको म्हणून. पेटी करायला टाकली होती मी."

"काही बोलली का?"

"म्हणाली, 'घरातला माणूस रोज येतो, आणि त्याला पुरू कशी?'"

अच्चन तरुण आहेत, डोंगराकडचे आहेत. त्यांना वाटलं बाईचं डोकं फिरलंय. पण तो सूर मीही रोज ऐकत होतो, आणि रोज हातातला पाना थांबत होता.

बर्कमन्सही सुकत चालला. एक दिवस इंजिन घेऊन आला आणि बाकावर ठेवून तिथेच उभा राहिला.

"आशान, होडी मागून पाण्यात बसते."

"जाळं मागे रचत असशील."

"जाळं पुढे आहे. आम्ही दोघं जातो. पण होडी तिघांएवढी बसते." त्याने बोटाने हवेत पाण्याची रेघ दाखवली. "दासनला विचारा. तो आता पुढे तोंड करून बसतो. मागे बघतच नाही."

"आणि रॉकेल?"

"तेवढंच वाचतं."

"मग तिसऱ्याचं वजन नाही रे. वजन वाढलं की रॉकेल वाढतंच," मी म्हटलं. हिशोब बरोबर होता. त्याने कुणाचंच समाधान झालं नाही, माझंही नाही.

"काढून टाकू का पंखा?" मी विचारलं.

तो इंजिनाचं झाकण चोळू लागला. "काढला तर मी आखातात. नाही काढला तर मैनी वाळूवर. तुम्हीच सांगा."

मी काय सांगणार? मला इंजिनं कळतात. मला त्या दिवशी स्वतःचा राग आला, स्टेलसचा आला, समुद्राचा तर रोजच येतो.

तोडगा मेटिल्डाच घेऊन आली. भर दुपारी, शेडमध्ये मी एकटा असताना. मॅक्सीवर खांद्याला टॉवेल, पायाला वाळू. समोरच्या रिकाम्या डब्यावर बसली.

"आशान, त्याचा आवाज काढता येतो का?"

"पंख्याचा?"

"पंखा राहू दे. बर्कमन्सला लागतो. आवाज तेवढा काढा."

मी म्हटलं, "मेटिल्डा, तुला माहितेय ना ती होडी बर्कमन्सची असते?"

"न कळायला मी वेडी आहे का?" ती चिडली. बरं वाटलं, कितीतरी दिवसांनी ती चिडली होती. "मला माहितेय. पण आवाज आला की पाय उठतात. पायांना कोण समजावणार? काल भात चुलीवर ठेवून आले, जळून कोळसा झाला. परवा आंघोळ करताना आवाज आला." ती थांबली. "वाळूवर उभी असते ना, तेव्हा वाटतं, होडी जरा पुढे आली की दिसेल. मग बर्कमन्स उतरतो. रोज तो उतरतो, आशान, आणि रोज मी त्याचा रागराग करते. त्या बिचाऱ्याने काय केलंय? रोज सकाळी मरतो हा माणूस माझा. एकदा मेला तेवढं पुरे."

मी पंखा काढून चिमट्यात धरला. तिला सांगितलं ते खरं सांगितलं. सूर त्या मागच्या कडेत आहे. कड तिरकी घासली की सूर जाईल, पण मुरडही थोडी जाईल. रॉकेलची बचतही थोडी जाईल.

"बर्कमन्सला मी सांगते," ती म्हणाली. "घासा."

"तू घरी जा. मी करतो."

"मी बसते."

मी कानस हातात घेतली. पात्याच्या कडेवर अजून स्टेलसच्या हाताचे वार दिसत होते. तो डावखुरा होता, म्हणून रेघा उलट्या. तुरेत त्याच्या हाताचं तेवढंच काम शिल्लक होतं, आणि ते मी पुसायला बसलो होतो. पहिला हात मारायला मला वेळ लागला. मेटिल्डा माझ्या हाताकडे बघत राहिली. मग मी मारला. अॅल्युमिनियमची चकचकीत भुकटी बाकावर पडू लागली.

तिन्ही पाती झाल्यावर मी फुंकर मारून बाक साफ करणार, तेवढ्यात तिने हात आडवा घातला. खांद्यावरचा टॉवेल काढून तिने ती भुकटी हाताने लोटून त्यात गोळा केली. फटीतली बोटाने काढली. टॉवेलला गाठ मारली.

"काय करणार त्याचं?" मी विचारलं.

"पेटीत नुसते कपडे कसे ठेवू?" ती म्हणाली. "त्याच्या हाताचं काहीतरी हवं."

दुसऱ्या दिवशी बर्कमन्सची होडी आली तेव्हा किनाऱ्यावर पुष्पमने शेजारणीला विचारलं, "कुणाची गं?" कुणालाच ओळखता आली नाही. कुठल्याही चार होड्यांसारखा आवाज होता. मेटिल्डा आली नाही. बर्कमन्सने मासे घरपोच केले. रॉकेल जरा वाढलं होतं. वाढलं तरी नव्या पंख्यापेक्षा कमीच होतं, आणि होडी आता कशी बसते हे मी त्याला विचारलं नाही. अच्चननी पेटीचं काम पुन्हा सुरू करायला सांगितलं.

पुरण्याच्या दिवशी आमच्याकडे समुद्र बंद असतो. तुरेत मातीचं काम असलं की कुणी होडी लोटत नाही. सगळ्या होड्या वाळूवर ओढलेल्या, उलट्या केलेल्या. सगळी इंजिनं काढून माझ्या शेडमध्ये ओळीने उभी केलेली, बर्कमन्सचंही. सकाळी मीच शेडला कुलूप लावलं आणि काळी पँट घालून देवळात गेलो.

मिस्साची प्रार्थना झाली. पेटी हलकी होती, उचलायला चौघे लागतात म्हणून चौघे होतो. बर्कमन्स, दासन, मी आणि मेटिल्डाचा भाऊ. देवळातून सिमेत्रीला, पुरायच्या जागेला, जायची वाट वाळूच्या कडेने जाते. पुढे क्रूस, मग अच्चन, मग आम्ही, पेटीला लागून मेटिल्डा. ऊन चांगलं वर आलं होतं. बायका जपमाळ म्हणत होत्या, आणि आवाज एका लयीत चालला होता.

पुष्पमचा आवाज आधी तुटला. मग तिच्या शेजारणीचा. मग सगळ्या गप्प झाल्या, आणि नुसते पाय वाळूत वाजत राहिले.

समुद्रावरून सूर येत होता. इंजिनाच्या घरघरीत तो बारीक, लांब सूर. खडकाच्या बाजूने येत होता, अर्ध्या वेगाने, भरलेली होडी घेऊन माणूस घाई न करता परततो तसा. मी आयुष्यभर इंजिनं ऐकली आहेत. झोपेत ऐकून सांगेन कुणाचं, कुठे दुखतंय ते. मला फसवणारं इंजिन अजून व्हायचंय. ते स्टेलसचंच होतं.

पेटीची माझी बाजू खाली गेली. बर्कमन्सने मान खाली घातली होती, कानाच्या पाळ्या पांढऱ्या पडल्या होत्या. दासन ओठ हलवून प्रार्थना करत होता. कोणीही समुद्राकडे तोंड केलं नाही. एवढ्या माणसांत एकानेही नाही. अच्चन तेवढे पुढे चालत राहिले, त्यांना काही कळलं नव्हतं.

मेटिल्डा थांबली.

तिचा एक पाय वाळूकडे वळलेला मी पाहिला. हात काखेशी गेला, टोपली असते तिथे. सूर जवळ आला होता. वळून बघितलं असतं तर होडी नजरेच्या टप्प्यात असती, एवढा जवळ.

ती माझ्याकडे वळली. तुरेत इंजिनाच्या आवाजाबद्दल कुणाचं भांडण झालं तर शेवटी मलाच विचारतात, आणि मी सांगेन ते धरून चालतात.

"आशान," ती हळू म्हणाली, "तुम्हाला काही ऐकू येतंय?"

मी पेटी नीट खांद्यावर घेतली.

"नाही," मी म्हटलं. "काही नाही."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. माझे डोळे भरून आले होते आणि तिला ते दिसत होते.

"मग मलाही नाही," ती म्हणाली, आणि वळलेला पाय उचलून वाटेवर ठेवला.